चंबळचा गुग्गुळ, कुनोची सालई

दिवेलागणीला निखाऱ्यावर गुग्गुळाचे दोन खडे टाकून त्याची धुरी घरभर फिरविण्याची रीत लष्करातील जुन्या मराठी घरांतून अद्याप पुरती गेलेली नाही. बाळंतिणीच्या खोलीत, पावसाळ्यात दमट झालेल्या फडताळापाशी आणि घरात ताप शिरला की आजाऱ्याच्या उशाशी ही धुरी हमखास फिरत असे. आमची आजी दाल बाजारातून आणलेला खडा नखाने टोकरून पाही, नाकाशी धरी आणि निकाल देई, "हा अस्सल महिषाक्ष नव्हे, यात सालई मिसळलेली आहे." हे दोन्ही डिंक आपल्या ग्वाल्हेरच्या उशापायथ्याशी पिकतात हे तिला ठाऊक होते की नाही, सांगता येत नाही. मला मात्र ते ठाऊक नव्हते. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना या दोन झाडांशी माझी गाठ पडली नाही. अभ्यासक्रमात त्यांना स्थान नव्हते आणि परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येत नसे.

ती गाठ पडली ती एका रुग्णामुळे आणि काहीशा ओशाळवाण्या प्रसंगाने. साठी ओलांडलेल्या एक बाई हृदयविकारासाठी माझ्याकडे येत असत. डिल्टियाझेमवर त्यांची प्रकृती दोन वर्षे उत्तम होती. मग एका हिवाळ्यात छातीतील कळ पुन्हा सुरू झाली. मी औषधाची मात्रा वाढविली, तपासण्या करविल्या, आहारावर एक छोटेखानी प्रवचनही दिले. तिसऱ्या भेटीत, केवळ रिकामा वेळ होता म्हणून, मी विचारले, "काकू, आणखी काही औषध घेता का?"

"औषध नाही हो, डॉक्टरसाहेब. गुडघ्यांसाठी गुग्गुळाच्या गोळ्या घेते दिवाळीपासून. ते काय औषध का? घरचंच आहे."

त्या संध्याकाळी मी शोध घेतला तेव्हा कळले की मुंबईतील औषधशास्त्रज्ञांनी १९९४ सालीच निरोगी व्यक्तींवर हा प्रयोग करून पाहिला होता. गुग्गुळाचे प्रमाणित सत्त्व दिल्यावर डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या दोन्ही औषधांचे रक्तातील प्रमाण लक्षणीय उतरते, असे त्यांना आढळले. आपल्याच देशातील फिजिशियन मंडळींच्या नियतकालिकात ते छापूनही आले होते. काकूंची कळ त्याच कारणाने परतली, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हिवाळा होता, वय होते, रोगही आपल्या गतीने पुढे सरकत असतो. पण गोळ्या थांबविल्यावर त्यांना बरे वाटू लागले हे खरे आणि दोन भेटींत मी तो साधा प्रश्न विचारला नव्हता हे त्याहून खरे.

गुग्गुळ हे झुडूप आहे. वनस्पतिशास्त्रात त्यास कॉमिफोरा वायटाय म्हणतात. उंची फार तर पुरुषभर किंवा त्याहून थोडी अधिक, फांद्या वेड्यावाकड्या आणि काटेरी, साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटणारी. वर्षातील बहुतेक काळ अंगावर पान नसते. पाऊस पडला की चार दिवस हिरवे होते. राजस्थान, कच्छ, पलीकडे सिंध आणि इकडे आपल्या चंबळचे बीहड ही त्याची मायभूमी. आग्र्याच्या वाटेवर मुरैना ओलांडले की दोन्ही हातांना मातीच्या ज्या घळया लागतात, तेथे उंच वृक्ष टिकत नाहीत, पण गुग्गुळ तग धरतो. ज्या बीहडांचे नाव आपण बागी आणि बंदुकांच्याच संदर्भात ऐकत वाढलो, ते सांधेदुखीवरील भारताच्या एका सर्वांत जुन्या औषधाचे माहेर आहे, ही गंमत मला फार उशिरा उमगली.

आयुर्वेदात गुग्गुळाची प्रतिष्ठा मोठी. आमवातावर सिंहनाद, वातरक्तावर कैशोर, गृध्रसीवर त्रयोदशांग, हाड मोडले तर लाक्षादी आणि एकूण वातविकारांवर योगराज. या साऱ्या कल्पांच्या नावात आणि गाभ्यात तोच आहे. कच्चा डिंक तसाच वापरीत नाहीत, त्रिफळ्याच्या काढ्यात, गोमूत्रात किंवा दुधात त्याचे शोधन करतात. नवा गुग्गुळ बृंहण आणि जुना लेखन, म्हणजे एक पुष्टी देणारा तर दुसरा मेद खरवडणारा, असा सूक्ष्म भेदही शास्त्रकारांनी केला आहे. या 'मेद खरवडण्या'च्या कल्पनेचा धागा धरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात संशोधन केले. सुश्रुतातील मेदोरोगाचे वर्णन त्यांनी आधुनिक प्रयोगशाळेत नेले आणि सशांच्या रक्तातील चरबीवर गुग्गुळाचा परिणाम दाखविला. १९६६ साली त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. त्यांच्या कामातून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गुगुलिपिड हे औषध घडले.

मात्र येथे थांबून जयजयकार करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००३ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातील एक चाचणी प्रसिद्ध झाली. रक्तातील चरबी वाढलेल्या १०३ व्यक्तींना आठ आठवडे गुगुलिपिड किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल पाच टक्के उतरले, तर गुगुलिपिड घेणाऱ्यांचे चार ते पाच टक्के चढले. सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले. भारतीय चाचण्यांचे निष्कर्ष याच्या उलट होते. आहार वेगळा, प्रकृती वेगळी, सत्त्व वेगळे, असे पुष्कळ खुलासे झाले. मला स्वतःला त्यांपैकी एकही पूर्ण पटलेला नाही. कोलेस्टेरॉलसाठी आज कोणी मला गुग्गुळाबद्दल विचारले तर मी नको म्हणतो.

सांध्यांचे काय? प्राण्यांवरील प्रयोगांत गुग्गुळ सूज उतरवितो याचा पुरावा चांगला आहे. माणसांवरील अभ्यास मात्र लहान, थोडक्या मुदतीचे आणि पुष्कळदा तुलनेसाठी दुसरा गट नसलेले. रुग्ण बरे वाटते म्हणतात आणि तीन हजार रुग्ण पाहिलेला अनुभवी वैद्य तेच सांगतो. ते मी नाकारीत नाही. पण ज्या कसोटीवर आपण नव्या वेदनाशामक गोळीला घासून घेतो, तीच कसोटी येथे अजून पुरेशी लागलेली नाही. आणि कसोटी लावली म्हणजे सर्व काही उलगडते असेही नाही. रोफेकॉक्सिब सर्व परीक्षा उत्तीर्ण होऊनच बाजारात आले होते. २००४ साली हृदयविकाराच्या धोक्यामुळे ते मागे घ्यावे लागले, तोवर आपल्यापैकी अनेकांनी ते निःशंकपणे लिहून दिलेले होते.

औषधाच्या गुणदोषांपेक्षा मला अधिक अस्वस्थ करते ती झाडाची अवस्था. गुग्गुळ अतिशय सावकाश वाढतो. चिरण्याजोगा व्हायला त्यास आठ-दहा वर्षे लागतात. त्याचे प्रजननही विचित्र आहे. नर झाडे विरळा, बहुतेक बी परागीकरणावाचूनच धरते आणि त्यातील थोडेच रुजते. हलक्या हाताने, ठरावीक खोलीची चीर देऊन डिंक काढला तर झाड वर्षानुवर्षे टिकते. पण भाव चढला की धीर सुटतो. डिंक लवकर आणि भरपूर गळावा म्हणून जखमेत रसायन भरण्याची युक्ती पसरली. तिने डिंक कित्येक पट मिळतो आणि पुष्कळदा झाड त्याच मोसमात वाळून जाते. त्यात बीहड सपाट करून शेती काढण्याचा सपाटा. २०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने या वनस्पतीस 'अतिसंकटग्रस्त' ठरविले. म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी अलीकडची पायरी. मुरैन्याच्या बाजूस काही गावकरी आणि कार्यकर्ते रोपे लावून, चीर देण्याची जुनी संयमी पद्धत शिकवून ती जगविण्याचा यत्न करीत आले आहेत. पण औषधालयाच्या फळीवर योगराजाची डबी पाहताना, त्यामागे एक वाळलेले झुडूप उभे असू शकते, हे आपल्यापैकी कोणाच्या मनात येते?

आता आजीच्या दुसऱ्या डिंकाकडे वळू. गुग्गुळात भेसळ म्हणून जिची हेटाळणी होई, ती सालई वेदनेच्या बाबतीत आज थोरल्या बहिणीहून सरस ठरू पाहते आहे. बॉस्वेलिया सेराटा हे तिचे शास्त्रीय नाव, संस्कृतात शल्लकी. हत्तींना तिचा पाला फार आवडतो म्हणून 'गजभक्ष्या' असेही एक नाव आहे. खडकाळ उतारावर उभा राहणारा हा मध्यम उंचीचा वृक्ष आपल्या शिवपुरी आणि श्योपूरच्या रानांत विपुल आहे. लाकूड हलके, फळ्या-खोक्यांच्या कामाचे. १९५० च्या दशकात नेपानगरला वृत्तपत्री कागदाचा कारखाना निघाला, तो बांबूबरोबर सालईच्याच लाकडावर चालला. म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीने सकाळच्या चहाबरोबर जे वर्तमानपत्र हाती धरले, त्यात कित्येकदा सालई होती.

सालईच्या डिंकातील बॉस्वेलिक आम्ले ही सूज उतरविणारी द्रव्ये. ॲस्पिरिनपासून डायक्लोफेनॅकपर्यंतची आपली नित्याची औषधे सायक्लोऑक्सिजनेज हे विकर रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. म्हणून ती वेदना शमवितात आणि म्हणूनच जठराचे अस्तरही दुखावतात. बॉस्वेलिक आम्लांची वाट निराळी निघाली. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनी १९९० च्या दशकारंभी दाखविले की ती ल्युकोट्राइन घडविणाऱ्या लिपॉक्सिजनेज विकराला अडवितात. पुढे काहींनी शंका काढली की पोटातून घेतलेल्या औषधाचे रक्तातील प्रमाण त्यासाठी पुरेसे नसते, खरे काम दुसऱ्याच विकरांवर होत असावे. हा वाद अजून मिटलेला नाही. व्यवहारात उपयोगी पडेल अशी गोष्ट एवढीच की हा डिंक पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात विरघळतो, त्यामुळे तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घेतल्यास तो अंगी अधिक लागतो. वैद्यमंडळी तुपाचे अनुपान का सांगतात, याचे एक उत्तर येथे मिळते.

आपणा मराठी मंडळींस अभिमान वाटावा असे दोन अभ्यास या विषयात आहेत. पहिला नागपूरचा. तेथील इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित मंडळींनी गुडघ्याच्या झिजेच्या तीस रुग्णांवर सालईच्या सत्त्वाची चाचणी घेतली. आठ आठवडे एका गटास सत्त्व, दुसऱ्यास निष्क्रिय गोळी, मध्ये विश्रांती आणि मग अदलाबदल. कोणास काय दिले हे रुग्णासही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यासही नाही. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. वेदना कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र काहीही बदल दिसला नाही आणि संशोधकांनी ते लपविले नाही, म्हणून मला त्या निबंधाविषयी अधिक आदर वाटतो. दुसरा पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१३ सालचा. सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई यांच्या मिश्रणाची तुलना त्यांनी थेट ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब यांच्याशी केली. ४४० रुग्ण, चोवीस आठवडे. वेदनाशमनात मिश्रण मागे पडले नाही. मात्र काही रुग्णांत, कोणतीही लक्षणे नसताना, यकृताच्या एका चाचणीचा आकडा चढलेला आढळला.

त्या वेळी अनेकांनी हा शेवटचा तपशील वाचून सोडून दिला असावा. निदान मी तरी सोडून दिला. २०२० साली महासाथ आली आणि घरोघर काढे उकळू लागले. ग्वाल्हेरात तर कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचा, म्हणजे नीम-गिलोयचा, मान विशेष. कुंपणावरच्या वेली लोकांनी बुंध्यापासून कापून नेल्या. तापावरील औषध म्हणून गुळवेलीची परंपरा थोर आहे, यात शंका नाही. पण ताप आल्यावर चार दिवस घेण्याचे औषध ताप येऊ नये म्हणून महिनोन् महिने रोज पिणे, ही परंपरा कोणत्या ग्रंथातील? २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतदाह झाल्याचे लिहिले आणि २०२२ साली देशातील तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद झाली. यकृताच्या तुकड्यांत शरीर स्वतःवरच उलटल्याची, म्हणजे स्वप्रतिकारजन्य दाहाची चिन्हे होती. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की रुग्णांनी गुळवेल समजून तिची दुसरीच एक बहीण खाल्ली असेल. ती शक्यता काही ठिकाणी खरी असेलही. वेल ओळखण्यात चूक होऊ शकते, हे आजीच्या नखाखालच्या खड्याने मला लहानपणीच शिकविले होते. परंतु ज्यांना आधीपासून थायरॉइडचा किंवा अन्य स्वप्रतिकारजन्य विकार आहे, त्यांना मी आता गुळवेल टाळण्यास सांगतो. काढ्यावर श्रद्धा असलेल्या घरांत हे सांगताना पुष्कळ गोड बोलावे लागते.

आणि एक प्रकार, ज्याबद्दल गोड बोलण्याची मला इच्छा नाही. 'शुद्ध जडीबुटी' म्हणून बिनलेबलाच्या पुड्या विकल्या जातात. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, चेहरा गोल होतो, साखर चढते. पुडी अचानक बंद केली तर रुग्ण निपचित पडतो. अशा पुडीत सालई नसते, गुग्गुळही नसते. असते ते बहुधा कुटलेले स्टेरॉइड. असे तीन रुग्ण मी स्वतः पाहिले. त्यांतील एका गृहस्थांनी आमच्याच गल्लीत सर्वांना त्या पुडीची शिफारस केलेली होती. वनस्पती इतक्या जलद काम करीत नाही. नागपूरच्या रुग्णांनाही आठ आठवडे द्यावे लागले होते.

सालईच्या कथेत आणखी एक पान आहे, ते वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. श्योपूरच्या रानात हा डिंक गोळा करतात ते सहरिया आदिवासी. ते त्यास चीर गोंद म्हणतात. पावसाळा सरला की झाडाच्या बुंध्यावरील सालीची पातळ पट्टी काढतात, काही दिवसांनी तेथे सोनेरी चिकट रस जमतो, तो खरवडून टोपलीत घेतात आणि पट्टी थोडी वाढवितात. उन्हाळा संपेपर्यंत हे चालते. कोणते झाड कोणत्या कुटुंबाने चिरायचे हे रूढीने ठरलेले, दुसरा त्यास हात लावीत नसे. शेतात काही नसताना हाती रोकड देणारा हाच उद्योग. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील काही वर्षांत कुनो अभयारण्यातील चोवीस गावे बाहेर वसविण्यात आली. गीरचे सिंह आणावयाचे होते. सिंह आले नाहीत. २०१८ साली अभयारण्याचे राष्ट्रीय उद्यान झाले, १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते आले आणि आपण सर्वांनी ते कौतुकाने दूरदर्शनवर पाहिले. मीही पाहिले. हललेल्या कुटुंबांना जमीन मिळाली, पण पिढ्यान् पिढ्या चिरलेली सालईची झाडे आत राहिली. परदेशातील औषधांच्या दुकानांत 'इंडियन फ्रँकिन्सेन्स' म्हणून काचेच्या बाटल्यांत सालई महाग विकली जाते, त्याच काळात हे घडले आहे.

माझ्या विद्यार्थिदशेत ग्वाल्हेरहून श्योपूरला छोटी लाईन जात असे. जौरा, कैलारस, सबलगढ करीत ती गाडी दिवसभर रखडे, माणसे टपावर बसत. २०२० साली ती बंद पडली. तिच्यातून एकदा जाताना समोरच्या बाकाखाली एक पोते होते आणि सगळ्या डब्यात आमच्या देवघराचा वास सुटलेला होता. पोत्यात काय आहे, हे विचारण्याचे मला सुचले नाही.

काकूंनंतर मी केसपेपरवर एक ओळ वाढविली. सध्याची औषधे, या मथळ्याखाली आता तीन रकाने आहेत. डॉक्टरांनी दिलेली, वैद्यांनी दिलेली आणि 'घरचेच'. तिसरा रकाना भरताना रुग्ण हसतात, मग आठवून आठवून सांगू लागतात. सुंठ, हळद, मेथी, निर्गुंडीचे तेल, योगराज, शेजारणीने दिलेले चूर्ण. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणाऱ्या एका गृहस्थांच्या तिसऱ्या रकान्यात सालईची गोळी निघाली. सालईबरोबर वॉरफेरिनचा परिणाम वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, म्हणून त्यांची रक्त गोठण्याची चाचणी लगेच करविली. आकडा मर्यादेपलीकडे होता. आणखी कोणती गोळी त्यास कारण झाली असेल ते असो, सालई थांबविली आणि पंधरवड्यात आकडा जागेवर आला.

गेल्या पावसाळ्यात एका परिचितांनी मुरैन्याहून गुग्गुळाची बोटभर जाडीची फांदी आणून दिली. ती अंगणातील कुंडीत लागली आहे. श्रावणात तिला पाने फुटली, कार्तिकात गळाली. आता नुसती काटेरी काडी उभी आहे आणि घरी येणारा प्रत्येक जण विचारतो की हे वाळलेले रोप काढून का टाकीत नाही.